लोढणं कुणाच्या गळ्यात

साखरशेत गावात कुत्रं पाळायची रीत नव्हती. कुत्री होती, भरपूर होती, पण ती आपली आपण होती. ज्या अंगणात भाकरीचा तुकडा पडेल ते त्यांचं घर आणि ज्याच्यामागे रानात जायला मिळेल तो त्यांचा धनी. त्यांची भांडणं होत, कान फाटत, एखादं लंगडं होई, एखादं पिल्लू सकाळी शेणकईच्या खड्ड्यापाशी मरून पडलेलं सापडे. माणसं म्हणत, कुत्र्यांचं कुत्री बघून घेतील. गावातला हा सगळ्यात सोयीचा कायदा होता, कारण त्यात कुणालाच जागचं उठावं लागत नसे.

कोंडीला हा कायदा कधी पटला नाही. पण कोंडीला न पटणाऱ्या गोष्टी इतक्या होत्या की गावानं त्यांची दखल घेणं सोडून दिलं होतं. खालच्या आळीच्या टोकाला ती एकटी राहायची. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मुलगी वांगणीला दिलेली. उतारावर नागली आणि वरईचा एक तुकडा होता, तो ती अजून स्वतः कसायची. डाव्या कानानं ठार बहिरी आणि उजव्यानं अर्धी. त्यामुळे लोक तिच्याशी ओरडून बोलत आणि तिच्याबद्दल हळू बोलत. हळू बोललेलंही तिला तोंडं बघून बरंच समजायचं, हे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

तिच्याकडे एक कुत्री होती. विणीतलं सगळ्यात शेवटचं, मुठीएवढं पिल्लू, भावंडांनी आईपाशी पोचूच दिलं नाही असं. कोंडीनं ते खळ्यावरनं उचलून आणलं आणि शेळीच्या दुधावर वाढवलं. वाढून वाढून ती मांजरापेक्षा जेमतेम उंच झाली. रंग नागलीच्या पिठाचा, म्हणून नाव नागली. बाहेरची कुत्री हिसकून घेतात म्हणून कोंडी तिला घरात, चुलीपाशी, आपल्या ताटाशेजारी जेवायला घालायची. रोज तिन्हीसांजेला तिला मांडीवर घेऊन कानामागच्या गोचिड्या एकेक ओढून चुलीत टाकायची. बायका हसायच्या. म्हणायच्या, नातवाचं तरी कुणी एवढं करतं का.

दाराशी कुणी आलं की नागली भुंकत बसायची नाही, कारण भुंकून धनिणीला कळत नाही हे ती शिकली होती. ती येऊन कोंडीच्या पावलावर पंजा ठेवायची. कोंडीचा कान तिच्या पायाशी बसतो, असं गावात गमतीनं म्हणत. पण कामाची म्हणून ठेवलीस का, असं कुणी विचारलं तर कोंडी चिडायची. "ठेवली म्हंजे? ती हाय हितं, म्हनून हाय. तू काय कामाचा हायस, म्हनून ऱ्हातोस का गावात?"

हे असंच चालू राहिलं असतं, पण तुळशीदासानं टायगर आणला.

तुळशीदास हा गावातला पहिला पदवीधर. जव्हारला एका कचेरीत कारकून होता आणि रोज मोटारसायकलवरून जाऊन येऊन करायचा. माणूस दुष्ट नव्हता. दाखला, रेशनकार्ड, सातबारा, कुणाचं काहीही अडलं की त्याच्या ओट्यावर जायचं आणि तो करून द्यायचा. फक्त करून दिलेलं तो विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे. त्यामुळे गावात त्याला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. कोंडी तेवढी त्याला अजून तुळश्या म्हणायची. तो नागडा फिरत होता तेव्हापासून ती त्याला बघत होती, आणि विजार घातल्यामुळे नाव बदलावं असं तिला वाटत नव्हतं.

टायगर नाशिकहून आला. अल्सेशन, काळ्या पाठीचा, उभा राहिला तर माणसाच्या खांद्याला पाय लावणारा. त्याला चामड्याचा पट्टा, साखळी, सगळी इंजेक्शनं. दिवसभर ओट्याला बांधलेला असायचा आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला सुटायचा. पाहुणे आले की तुळशीदास मटणाचा तुकडा हातभर वर धरायचा आणि "अप" म्हणायचा. टायगर उडी मारून तो हवेतच उचलायचा. गाव जमून बघायचं. टायगरला खाऊ मात्र घालायची तुळशीदासाची बायको पुष्पलता. आंघोळ तिनंच घालायची, घाणही तिनंच काढायची. कुत्राही खरं तर तिचंच ऐकायचा, पण पाहुण्यांसमोर ते दाखवायचं नसे.

सुटलेल्या टायगरनं कोंबड्या मारल्या. माघ्याच्या करडाचा पाय मोडला. दोन पिल्लं गेली. सगळे मूग गिळून बसले, कारण माघ्याचा दाखला अजून तुळशीदासाकडेच होता, आणि ज्यांची पिल्लं गेली त्यांना पिल्लं आपली आहेत असंही कधी वाटलं नव्हतं. वर सगळे म्हणाले, कुत्र्यांचं कुत्री बघून घेतील.

नागलीचा दिवस आला तो असा. कोंडी विहिरीवरून हंडा घेऊन येत होती, नागली पायात घुटमळत होती, आणि वरच्या आळीतून टायगर आला. तो धावत नव्हता, मान खाली घालून सरळ चालत होता. कोंडीनं हंडा खाली ठेवला आणि कुणीही माणूस करेल तेच केलं. नागलीला उचललं आणि दोन्ही हातांनी खांद्याच्या वर धरलं.

वर धरलेली वस्तू उडी मारून घ्यायची, एवढं एकच टायगरला शिकवलेलं होतं. तो उडाला. कोंडी उताणी पडली, हंडा कलंडून पाणी रस्त्यावर गेलं, आणि नागलीची मान टायगरच्या तोंडात होती.

पुष्पलता पिठाच्या हातांनी धावत आली. ती ओरडली नाही. तिनं टायगरचा पट्टा आवळला आणि दुसरा हात सरळ त्याच्या जबड्यात घालून दात उघडले. नागली खाली पडली. पुष्पलताच्या तळहातातून रक्त वाहू लागलं. तेवढ्यात तुळशीदास मोटारसायकलवरून आला, गाडी उभी केली आणि टायगरचं तोंड उघडून आत बघू लागला.

"ह्याला काही लागलं नाही ना?" तो बायकोला म्हणाला. "या गावठी कुत्र्यांना काय काय रोग असतात."

कोंडीला शब्द ऐकू आले नाहीत. पण तो आधी कुठं बघतो ते तिनं जमिनीवर पडल्या पडल्या बघितलं. आपल्याकडे नाही, नागलीकडे नाही, आणि रक्त गळणाऱ्या बायकोकडेही नाही. तिला त्याच क्षणी असा संताप आला की कंबर दुखतेय हे तिला घरी जाईपर्यंत कळलं नाही.

सकाळी टोपलीत फडकं घालून तिनं नागलीला जव्हारला नेलं. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं टाके घातले, पिसाळीचं इंजेक्शन दिलं आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून सांगितलं. मोठं कुत्रं आलं तर लहानाला वर उचलायचं नाही, त्यानं मोठं जास्त चेकाळतं. मध्ये आपण उभं राहायचं, काठी आडवी धरायची, पळायचं नाही. जखम कोरडी ठेवायची. आणि ज्या बाईला चावलंय तिला सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घ्यायला सांगा, त्या कुत्र्याला टोचलेलं असलं तरी.

"त्या कुत्र्याला सगळं टोचलेलं आहे ना, आजी?"

"कुतऱ्याला टोचलंय," कोंडी म्हणाली. "मालकाला टोचायचं ऱ्हायलं."

डॉक्टर हसला, पण मग त्यानंही तेच सांगितलं जे पुढं सगळ्या गावानं सांगितलं. "असं करा, ही बरी होईपर्यंत बांधून ठेवा. बरी झाल्यावरही संध्याकाळची बांधाच."

कोंडीनं बांधून ठेवली. तिला पटलं म्हणून नव्हे, तर टाके होते म्हणून. नागली आडव्या वाशाला बांधलेल्या दोरीच्या टोकाशी भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. खाईना. दाराशी माणूस आला तरी पायाशी येता येईना. एकदा माघ्याची बायको बराच वेळ दारात उभी राहून परत गेली, आणि कोंडी म्हातारी झाली, आता माणूस ओळखत नाही, असं गावभर सांगत सुटली.

त्याच आठवड्यात विहिरीवर कोंडीनं पुष्पलताचा हात धरून बघितला. तळवा सुजून लाल झाला होता, वर हळद थापलेली.

"इंजिक्शन घेतलंस?"

पुष्पलतानं मान हलवली. मग कोंडीच्या बऱ्या कानाशी येऊन म्हणाली, "ते नको म्हणतात, आजी. दवाखान्यात कुत्रा चावला म्हणून लिहावं लागतं. उद्या कुणी तक्रार केली तर नाव येईल म्हणतात."

"कुनाचा नाव?"

"टायगरचं," पुष्पलता म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिलाच ते कसंसं वाटलं असावं, कारण ती घागर भरायची थांबली.

दुसऱ्या दिवशी ती मोखाड्याला माहेरी जाते असं सांगून निघाली आणि कोंडीबरोबर जव्हारला उतरली. कोंडीलाही तिथं काम होतं. पोलीस पाटील मंगळूनं तिला एक युक्ती सांगितली होती. रानातल्या पाड्यांवर बिबट्या कुत्री नेतो, मानेला धरतो. तिथली माणसं कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, टोकं बाहेर. बिबट्यानं तोंड घातलं की तोंडच फाटतं. तसा एक नागलीला करून घे, मंगळू म्हणाला होता, आणि मग खुशाल सोड.

असे पट्टे जव्हारच्या बाजारात शकीलभाई करायचा. बैलांचं सगळं सामान त्याच्याकडे मिळायचं, कासरे, घुंगरांच्या माळा, चामड्याचे पट्टे. त्यानं टोपलीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, एवढ्या मापाचा मी कधी केला नाही. खिळे कमी केले तर उपयोग नाही, आणि सगळे घातले तर हिला पेलायचा नाही."

"पेलंल. कर तू."

ही चूक कोंडीची. तिनं हट्टानं करून घेतला. साखरशेतात आजवर कुणी लहान कुत्र्याला वाचवायचा विचारच केला नव्हता, त्यामुळे वाचवायचं म्हणजे बिबट्यापासून वाचवतात तसं, याखेरीज दुसरं काही कुणाला सुचलं नाही. गावानं पट्टा बघून वाहवा केली. तुळशीदासानं तर रस्त्यात थांबून सांगितलं, "हे बरं केलंस, आजी. ज्यानं त्यानं आपलं जपावं."

नागली दोरीतून सुटली, पण पट्ट्याच्या ओझ्यानं तिची मान जमिनीला लागायची. पाणी प्यायला वाकली की खिळे भांड्यावर आपटायचे. कान खाजवता येईना, कुशीवर झोपता येईना, कोंडीच्या पायाशी आली तर खिळे पायाला बोचायचे. म्हणून ती यायची बंद झाली. मोकळी असून अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहायची. आणि एक दिवस कोंडीला वास आला. तिनं पट्टा उचलून बघितलं. टाक्यांची जागा चामड्यानं घासून उघडी पडली होती आणि तिच्यात किडे वळवळत होते.

कोंडी रडली. मग तिनं कोयत्यानं पट्टा कापला, नागलीला टोपलीत घातलं आणि पुन्हा जव्हार गाठलं. पुष्पलतालाही पुढचं इंजेक्शन घ्यायचं होतं, तीही बरोबर आली. डॉक्टरनं किडे काढले, जखम धुतली, पूड भरली आणि पट्टा कुणी घालायला सांगितला म्हणून रागावला. कोंडीनं ते ऐकून घेतलं. मग ती शकीलभाईच्या दुकानात गेली आणि कापलेला पट्टा त्याच्यापुढे टाकला.

"जड झाला ना?" शकीलभाई म्हणाला. "मी म्हणालो होतो, मावशी."

"तू म्हनालास. मी आयकलं नाय." कोंडी दुकानाच्या पायरीवर बसली. तिचा आवाज बहिऱ्या माणसाचा, मोठा, त्यामुळे शेजारच्या दुकानातलेही बघू लागले. "माला सांग, बिबट्याला कुनी धनी हाय?"

"बिबट्याला कुठला धनी?"

"मंग बिबट्याला बांधता येत नाय म्हनून आपन कुतऱ्याला पट्टा घालतो. बराबर? पन ह्या टायगरला तं धनी हाय. त्याला घर हाय, साखळी हाय, त्याला जेवाया घालनारी ही बघ हितं उभी हाय. मंग माजीच्या गळ्यात ओझा कशाला? जो चावतो त्याच्या गळ्यात का नाय?"

शकीलभाईनं पुष्पलताकडे बघितलं. तिनं पदराच्या आत पट्टी बांधलेला हात धरला होता आणि ती खाली बघत होती.

"हे खिळे काढ," कोंडी म्हणाली. "आनि ह्याच चामड्याला जोड लावून माला एक लांब वादी करून दे. लोढना बांधाया."

साखरशेतात लोढण्याचा रिवाज जुना. ज्याचा बैल किंवा वासरू दुसऱ्याच्या शेतात शिरून नासधूस करतं, त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधायचा. तो पुढच्या गुडघ्यांशी लोंबतो. जनावर चालू शकतं, चरू शकतं, पाणी पिऊ शकतं. फक्त धावायला गेलं की ओंडका नडगीवर बसतो. गाव जमवून ठरवायचं आणि धन्यानं स्वतःच्या हातानं, सगळ्यांसमोर बांधायचं. दुसऱ्यानं बांधलेलं चालत नसे, कारण मग धनी म्हणायचा की मी काही कबूल केलेलं नाही. कुत्र्याला मात्र कुणी कधी लोढणं घातलं नव्हतं.

गावदेवाच्या झाडाखाली बैठक होती, वणव्याच्या राखणीच्या पाळ्या ठरवायला. सुटीचा दिवस होता, तुळशीदास टायगरला साखळीनं धरून आला होता आणि साखळी झाडाच्या मुळीला अडकवून पुढे बसला होता. पाळ्या ठरल्या. लोक उठू लागले तेव्हा कोंडी मधोमध येऊन उभी राहिली. तिच्या हातात ओंडका होता, वादी लावलेला.

"मंगळू, हा लोढना मी केला हाय. टायगरच्या गळ्यात घालाया."

आधी कुणाला काही समजलं नाही. मग हशा पिकला. तुळशीदासही हसला.

"आजी, हा बैल आहे का?"

"नाय. बैल गरीब. बैल गवत खातो." कोंडी थांबली, हसू संपायची वाट बघितली. "माजा पवळ्या बैल तुज्या बापाच्या वरईत एकदा शिरला व्हता. तुज्या बापानं ह्याच झाडाखाली गाव जमवला. माज्या धन्यानं आपल्या हातानं लोढना बांधला, आनि मान खाली घालून घरी आला. त्या दिवशी कुनी हासलं नाय."

मंगळूला तो दिवस आठवत होता. तो हसायचा थांबला. मग आणखी चारजण थांबले.

तुळशीदासानं सूर बदलला. तो शिकलेला माणूस होता, मुद्दे मांडू लागला. आपला कुत्रा जातिवंत आहे, सगळ्या लशी दिलेल्या आहेत. उलट गावातल्या कुत्र्यांमुळे त्यालाच धोका आहे. कोंडीनं आपली कुत्री वर उचलली म्हणून तो उडाला, तसं डॉक्टरही सांगेल. लहान कुत्रं ज्याला सांभाळता येत नाही त्यानं ते बांधून ठेवावं, त्यात कुणाचंच नुकसान नाही.

"माज्या नागलीनं कुनाची कोंबडी खाल्ली?" कोंडी म्हणाली. "कुनाचा करडू मोडला? कुनाच्या आंगनात ती गेली ते सांग. मी उचलली, ही माजी चूक. पन वर धरलेल्यावर उडायाचा कुनी शिकवला? तुमी समदे टाळ्या वाजवीत व्हतात. आता म्हनता ल्हानाला बांधा. ल्हान हाय, आयकतंय, म्हनून त्यालाच बांधा. मी नाय बांधायची. बांधून बघितली, पट्टा घालून बघितली. माजी कुतरी मरता मरता ऱ्हायली. आता ती रस्त्यानं मोकळी फिरनार आनि जो चावतो तो लोढना घालून फिरनार."

माघ्या जमीन उकरत होता. तुळशीदास दोन पावलं पुढं आला आणि ओठ फारसे न हलवता, हळू बोलला. कोंडीनं त्याचं तोंड बघितलं. तिला पुरतं समजलं.

"काय म्हनलास? माला आयकू नाय आलं. मोठ्यानं बोल."

तुळशीदास एक पाऊल मागं सरला.

"कागदाचं कायतरी म्हनालास. माजा कागद कसा व्हतो ते बघतो, आसं म्हनालास ना? मोठ्यानं सांग की. समद्यांचे कागद हायेत तुज्याकडं, समद्यांना आयकू दे."

टायगरची साखळी वाजली. सगळे तुळशीदासाकडे बघत होते, आणि त्या बघण्यात आज काहीतरी वेगळं होतं. पाय मोडलेलं करडू होतं, कोंबड्या होत्या, ओट्यावर तासन् तास बसून राहिलेले दिवस होते. त्याच्या कानाची पाळी लाल झाली.

"बांधा म्हणावं," तो शेवटी मंगळूकडे वळून म्हणाला. "रिवाज आहे ना? धन्यानं बांधायचं असतं. मी बांधणार नाही. संपलं."

मंगळूनं हात पसरले. "कोंडे, धन्यानं बांधला नाय तं गाव काय करनार?"

कोंडीला हे माहीत होतं. यापुढचं तिनं ठरवलेलंच नव्हतं. ती ओंडका घेऊन टायगरकडे चालू लागली, तेव्हा टायगर उठून उभा राहिला आणि त्यानं ओठ वर केले. तिला भीती वाटली. तरी ती थांबली नाही, फक्त सावकाश चालली.

बायकांच्या घोळक्यातून पुष्पलता पुढं आली आणि तिनं कोंडीच्या हातातून ओंडका घेतला.

"पुष्पा," तुळशीदास म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस. धनी मी आहे."

"त्याला जेवायला कोण घालतं?" पुष्पलतानं विचारलं. ती नवऱ्याशी नाही, मंगळूशी बोलत होती. "घाण कोण काढतं? सुटला तर हाक कोण मारतं? धनीण मीच आहे. आणि मलाही तो चावलाय. हे बघा." तिनं पट्टी सोडली आणि तळवा सगळ्यांपुढे धरला. "ह्याची इंजेक्शनं मी माहेरी जाते सांगून घेतली. टायगरचं नाव येईल म्हणून."

मग ती टायगरपाशी बसली. "बस," म्हणाली. तो बसला. तिनं वादी त्याच्या गळ्यातून नेली, दोन बोटं आत घालून घट्ट नाही ना ते पाहिलं, गाठ मारली आणि ओंडका गुडघ्यांवर येतो का ते बघून एक पेर वर घेतला. टायगरनं ओंडका हुंगला आणि तिचा जखमेचा हात चाटला. त्या जनावराचा काहीच दोष नव्हता, आणि ते तिथं सगळ्यात जास्त तिलाच माहीत होतं.

"मंगळूदादा, बांधलंय," ती म्हणाली.

मंगळूनं गावाकडे बघितलं. माघ्या पहिल्यांदा म्हणाला, "चालंल." मग बाकीचे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीनं दार सताड उघडलं आणि नागलीला म्हणाली, चल. नागली उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. बाहेरचा रस्ता तिनं हुंगला, शेपूट पायांत घातली आणि मागं सरकली. गावानं रस्ता मोकळा केला होता, पण ते नागलीला कोण सांगणार. कोंडीनं ओढलं नाही, उचलून तर मुळीच घेतलं नाही. ती बाहेर गेली आणि रस्त्याच्या मधोमध, धुळीत, मांडी घालून बसली. भाकरीचा तुकडा मोडून पुढ्यात ठेवला आणि दाराकडे बघत राहिली.

मोटारसायकलचा हॉर्न वाजला. तेवढं कोंडीला ऐकू यायचं. तुळशीदास कचेरीला निघाला होता, जव्हारला जायला त्या आळीशिवाय दुसरी वाट नव्हती. तिनं मागं वळून बघितलं आणि परत दाराकडे बघू लागली. हॉर्न पुन्हा वाजला.

"गाडी बंद कर," ती न वळता म्हणाली. "ती आवाजाला भितेय."

"आजी, मला उशीर होतोय," तो ओरडून म्हणाला.

"होऊ दे."

ओट्याओट्यांवर माणसं उभी होती आणि कुणीही कोंडीला ऊठ म्हणत नव्हतं. तुळशीदासानं त्यांच्याकडे पाहिलं, मग किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. नागलीनं एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला, मग दुसरा. पोट जमिनीला घासत ती कोंडीपर्यंत आली, भाकरी खाल्ली, मान झटकली. मग उभी राहिली, मोटारसायकलचं पुढचं चाक सावकाश हुंगलं आणि रस्त्याच्या मधून विहिरीकडे चालू लागली.

ती वळणापर्यंत जाईतो कोंडी बसून राहिली. मग हात टेकून उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि तुळशीदासाला म्हणाली, "जा आता."